यमुनाबायची पिवळी पंगत

वसईजवळच्या भुईगावात यमुनाबायच्या सोनचाफ्याला जितका वास, तितकीच तिच्या जिभेला धार. दोन्ही कुंपणाच्या पलीकडे सहज पोचतात. वय एकसष्ट, अंगाने काडी, पदर कायम कमरेला खोचलेला, आणि समोरच्याचं काय चुकलं ते त्याने तोंड उघडायच्या आत सांगून मोकळी. वडील गेले, थोरला भाऊ नोकरीपायी मुंबईला गेला, आईने अंथरूण धरलं आणि चाफ्याच्या बेचाळीस झाडांची वाडी हिच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणायचं एवढंच. तिने ती पोटच्या पोरांसारखी वाढवली. लग्नाचं मात्र राहूनच गेलं. कोणी त्यावरून छेडलं तर म्हणायची, "बेचाळीस जनांचं करते, अजून एकाचं कुठं करू?"

चाफ्याचं काम म्हणजे गंमत नव्हे. पहाटे साडेचारला डोक्याला बॅटरी बांधून शिडी लावायची, कळी उमलायच्या बेतात असतानाच खुडायची, केळीच्या पानात पुड्या बांधायच्या आणि साडेपाचला नाक्यावर येणाऱ्या टेम्पोत दादरच्या बाजारासाठी चढवायच्या. एक दिवस खाडा झाला तर फूल झाडावरच उमलून गळतं. पंधरा दिवस झाला तर झाड बी धरतं, आणि एकदा बी धरलं की पुढचं फुलणं आवरतं घेतं. चाफ्याला रविवार नाही, सण नाही, सुतक नाही.

आणि अशात यंदाच्या जानेवारीत शिडी सरकली. यमुनाबाय खाली आली ती उजव्या पायाची नळी मोडूनच. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली आणि डॉक्टरांनी बजावलं, साडेतीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. घरी आणून खाटेवर निजवलं त्या रात्री तिने भिंतीकडे तोंड करून वाडीच्या नावाने पाणी सोडलं. पण पहाटे जाग आली ती अंगणात शिडी ओढल्याच्या आवाजाने.

सेबेस्टियन आणि त्याची बायको आग्नेस, शेजारच्या आळीतले. सोमवार, मंगळवार, बुधवार त्यांनी वाटून घेतले. गुरुवार-शुक्रवार जयवंत मास्तरांचे. जन्मभर खडूच धरलेला माणूस, पहिल्या दिवशी कळ्यांपेक्षा पानंच जास्त खुडली, पण आला. शनिवारी भावाचा मुलगा संकेत विरारहून मोटरसायकलवर यायचा. सहा दिवसांचा हिशेब लागला. रविवारचा लागेना. सेबेस्टियन-आग्नेस पहिल्या मिस्सेला चर्चमध्ये, मास्तर लेकीकडे, संकेत शनिवारीच परत गेलेला. तरी रविवारच्या पुड्या टेम्पोत चढत होत्या. विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "काम झालं ना? मग झालं."

पाचव्या आठवड्यात दादरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "मावशी, पाय लवकर बरा झाला हो. रविवारी तुमच्या हातचा माल येतोय."

"माझ्या हातचा? मी खाटेवर हाय रे."

"मग रविवारच्या पुडीला गाठ कशी नाही?"

यमुनाबायच्या आईची ती रीत होती. देठ बाहेर, कळी आत, केळीच्या सोपटाचे, म्हणजे वाळक्या सालीचे, दोन वेढे आणि टोक आतच खोचायचं. गाठ मारली की ती कळीला रुतते. बाकी कोणी तशी बांधायला गेलं तर पुडी नाक्यावर पोचायच्या आत सुटायची. आईने ही रीत दोनच मुलींना शिकवली होती. एक यमुना, आणि दुसरी कुंपणापलीकडची, तिच्याच वयाची जुलियाना. यमुनाबायने फोन छातीवर ठेवला. आग्नेस चहा घेऊन आली तेव्हा डोळ्यात कचरा गेलाय म्हणाली, आणि आग्नेसनेही तो शोधायचा हट्ट धरला नाही.

कारण जुलियाना गेली अकरा वर्षं यमुनेशी बोलत नव्हती.

त्याचं असं झालं. दोघींच्या घरांमध्ये नुसतं कुंपण, आणि त्या कुंपणाला दोघींसाठी म्हणून एक बारीक फाटक. संकेत लहानपणी मे महिन्यात आत्याकडे यायचा तो सकाळी इथे नाश्ता करायचा आणि दुपारी जुली मावशीच्या मांडीवर झोपायचा. जुलियानाची मुलगी रीटा. रीटाच्या लग्नाला आपल्या वाडीतला चाफा झुलणार हे यमुनाबायने पोर पाळण्यात असल्यापासून मनाशी ठरवून टाकलं होतं. लग्न ठरलं, पण फुलांचं कोणी बोलेना. यमुनाबाय मानी, तीही विचारेना. लग्नाच्या दिवशी मांडवात गेली आणि बघते तर वरपासून खालपर्यंत प्लास्टिकची फुलं! शेजारी चाफ्याची बेचाळीस झाडं असताना! जीभ सुटलीच. भरल्या मांडवात, व्याह्यांच्या देखत ती म्हणाली, "अगो, मयताला बी कोनी प्लास्टिक लावत नाय."

जुलियाना पांढरी पडली. एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही, ते चार दिवसांनी आग्नेसकडून कळलं. नोकरीसाठी बाहेरगावी असताना रीटाला दमा जडला होता. फुलं जवळ आली की तिचा श्वास कोंडायचा. नवऱ्या मुलाला सगळं माहीत होतं, पण नातेवाइकांत बोभाटा नको म्हणून जुलियानाने गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या मांडवात तिला उत्तरही देता आलं नाही.

यमुनाबाय त्या आठवड्यात तीनदा फाटकापर्यंत गेली आणि तीनदा परत आली. जगाला फडाफड बोलणाऱ्या बाईला 'चुकलं' एवढे तीन अक्षरांचे बोल सापडेनात. मग महिना गेला, मग वर्ष. फाटकावर जास्वंद चढली आणि फाटक होतं की नाही तेही दिसेनासं झालं.

आता एप्रिलच्या शेवटी ती काठी टेकत चालू लागली होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. चौदा रविवार झाले होते. चौदा रविवार जुलियानाने अंधारात येऊन तिची झाडं राखली होती. याचे आभार न मानता मेले तर जमिनीत सुद्धा धड पडून राहणार नाही, असं तिने आग्नेसला सांगितलं. "आमच्यात जाळतात," हेही वर सांगितलं, "तरी पन."

आग्नेस निरोप घेऊन पलीकडे गेली. यमुनाबायला एक दिवस तुला जेवायला बोलवायचंय, येशील? जुलियाना दारातूनच म्हणाली, "कशासाठी? मी काय केलंय?" आणि धुणं वाळत घालायला निघून गेली.

उरलेल्यांना तरी जेवू घालायला हवं होतं. पैसे देऊ केले तेव्हा सेबेस्टियन दोन दिवस रुसला होता. म्हणून संकेतने सुचवलं, की आत्या, पार्टी करू. त्याच्या अंधेरीच्या ऑफिसात नुकतीच तशी एक झाली होती. एकच रंग ठरवायचा. कपडे त्या रंगाचे, जेवण त्या रंगाचं, सजावटही त्याच रंगाची.

"रंग कोन खातो?" आत्याने विचारलं.

"मजा असते गं. तिकडे आम्ही निळा ठेवला होता."

"निळा? जेवलात काय, शाई?"

पण कल्पना तिला आवडली. रंगही विचारायची गरज नव्हती. ज्याच्यासाठी माणसं साडेतीन महिने पहाटे उठली त्याचाच रंग, पिवळा. मेचा पहिला पंधरवडा, दिवस धगधगत होते. शनिवारी संध्याकाळी सातला अंगणात पंगत बसवायची असं ठरलं. नारळाच्या दुधातला हळदीचा भात, मुगाचं वरण, बटाट्याची भाजी, कैरी घातलेलं कोलंबीचं पिवळं कालवण, लाल भोपळ्याचे घारे, आमरस, आणि शेवटी सुकेळी, वसईची ती उन्हात वाळवलेली केळी. आग्नेसने भाजीवर कोथिंबीर विचारली तर यमुनाबाय म्हणाली, "हिरवीये ती." सेबेस्टियनने सोलकढी आणतो म्हटलं तर त्याला गुलाबी रंगासकट घरी बसायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र कोणाला समजली नाही. गुरुवारी यमुनाबाय काठी घेऊन एकटीच रिक्षाने वसईच्या बाजारात गेली आणि प्लास्टिकच्या पिवळ्या झेंडूची चार पिशव्या तोरणं घेऊन आली.

"आत्या," संकेत ओरडला, "दारात बेचाळीस झाडं आहेत!"

"गप लाव."

तिच्या मनात सरळ हिशेब होता. रीटा सुट्टीला माहेरी आली होती. जुलियाना आली तर लेकीला घेऊन येईल, आणि त्या पोरीला या अंगणात मोकळा श्वास घेता यायला हवा. येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी आली तर? म्हणून शनिवारी पहाटे तिने संकेतकडून झाडावरची अर्धी कच्ची कळीसुद्धा उतरवून घेतली. अंगणात एक खरं फूल ठेवलं नाही. हयात फुलांत काढलेली बाई प्लास्टिकच्या मांडवाखाली काठी टेकून उभी राहिली आणि तिला ते अजिबात वाईट दिसेना.

इकडे संकेतने एक उद्योग करून ठेवला होता. चार माणसांसाठी त्याने फोनवर पिवळ्या रंगात आमंत्रण केलं. वर झेंडूच्या माळा, खाली 'शनिवार, संध्याकाळी सात, आत्याच्या वाडीत. पिवळे कपडे घालूनच यायचं. आपला, संकेत.' अंधेरीत याला थीम म्हणत असतील. वसईत मे महिन्यातल्या शनिवारी संध्याकाळी मांडव घालून पिवळ्या कपड्यांत बोलावणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आग्नेसने ते आमंत्रण कौतुकाने बहिणीला पाठवलं. बहिणीने तिच्या भिशीत पाठवलं. शुक्रवारी सकाळी मासेवाली दारोदार सांगत होती, "यमुनाबायच्या संकेतची हळद हाय उद्या. कोनाला सांगितलं बी नाय बघा, इतकी घाई."

शनिवारी सातला पहिला आला सेबेस्टियन, पिवळा रेनकोट घालून. मेच्या उकाड्यात घामाने निथळत होता. "पिवळं म्हणून घरात येवढाच निघाला," तो म्हणाला. मास्तर पिवळं उपरणं घेऊन आले. यमुनाबायने पानं मांडायला घेतली, आणि रस्त्याकडच्या दारातून आळीच्या बायका आत शिरल्या. सगळ्या पिवळ्या साड्यांत, दोघींच्या हातात आहेराची पाकिटं, एकीच्या कडेवर नात. सर्वांत पुढे ऐंशीच्या घरातल्या बायकाकू, हातात भिजवलेल्या हळदीची वाटी.

"नवरदेव कुठाय?" त्यांनी विचारलं. पिवळा कुर्ता घातलेला संकेत नेमका समोरच आमरस ढवळत होता. बायकाकूंनी त्याचा गाल धरला. "बस पाटावर. मुलगी कुठली रे?"

घोटाळा उलगडायला पाच मिनिटं लागली आणि हसू आवरायला दहा. यमुनाबायने कपाळावर हात मारला, पण आलेल्या माणसाला परत पाठवायची तिच्या घरची रीत नव्हती. आग्नेसने वरणात तांब्याभर पाणी वाढवलं, मास्तर केळीची आणखी पानं कापायला धावले. तेवढ्यात बायका बाजूला सरकल्या.

रस्त्याकडच्या दारात जुलियाना उभी होती. अंगावर हळदी रंगाची साडी, हातात शर्टपीसची पिशवी. मागे रीटा, नाकावर ओढणी दाबून.

ती आत आली. यमुनाबायकडे तिने पाहिलंच नाही. सरळ संकेतपाशी गेली. "मला सांगितलं नाय तुम्ही, पन तू माझ्या मांडीवर वाढलास. तुझी हळद हाय आनि मी घरात बसू? ते माझ्याच्यानं होनार नाय." आणि तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

संकेतचा चेहरा उतरला. "जुली मावशी, माझी हळद नाहीये गं. नुसतं जेवण आहे. आत्याला सगळ्यांचे आभार मानायचेत म्हणून."

जुलियाना थांबली. मग तिच्या लक्षात आलं, कसले आभार ते. मान ताठ झाली. "चल, रीटा."

हाच तो क्षण होता आणि यमुनाबायला ते ठाऊक होतं. जुलियाना दारातून गेली की पुन्हा येणार नव्हती. ती घाईने दोन पावलं पुढे झाली. पाय दुखतोय हेही ती विसरली होती.

"मम्मी," रीटा म्हणाली. तिने हात वर करून तोरणाला बोट लावलं होतं. "प्लास्टिक आहे हे. सगळंच." आणि तिने नाकावरची ओढणी सावकाश खाली केली.

जुलियानाने वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पहिल्यांदाच यमुनेकडे.

"रीटासाठी लावलं," यमुनाबाय म्हणाली, आणि एकदा बांध फुटल्यावर ती थांबली नाही. "जुली, त्या दिवशी तुझ्या मांडवात मी बोलले ते वाईट बोलले. चार दिवसांनी मला कळलं तरी मी आले नाय. चूक माझी. अकरा वर्सं ती मलाच खातेय. आनि तू, तू माझ्यासाठी चौदा रविवार पहाटेची उठलीस. पहिली मिस्सा कधी चुकवली नाय तू जन्मात. माझी झाडं जगवलीस गो. झाडं नाय, मलाच जगवलंस. कसे मानू तुझे उपकार?"

रेनकोटातला सेबेस्टियन डोळे पुसत होता, की घाम, ते सांगता येत नाही.

"कोन म्हणतं मी आले होते?" जुलियाना म्हणाली.

"तुझी पुडी म्हणते. गाठ नव्हती तिला."

जुलियानाने पुन्हा तोरणाकडे पाहिलं. "धूळ बसलीय त्याच्यावर. प्लास्टिकचं फूल लावायच्या आधी धुवायचं असतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

आणि यमुनाबायला, जिला उभ्या आयुष्यात कोणी फुलांवरून शिकवलेलं खपलं नव्हतं, तिला हे बोलणं इतकं गोड लागलं की ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

बायकाकू वाटी घेऊन अजून तिथेच उभ्या होत्या. "आता ह्या हळदीचं काय करू? येवढी भिजवलीय."

"द्या इकडे," जुलियाना म्हणाली. तिने यमुनाबायला पाटावर बसवलं, तिच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर केला आणि नळीवरच्या ऑपरेशनच्या लांब खुणेवर हळद चोळायला सुरुवात केली. जोर लावून, डॉक्टरांना न विचारता. मग उरलेली दोन बोटं हळद यमुनेच्या दोन्ही गालांना लावली. गावातल्या किती हळदींना यमुनाबायच्या वाडीतून फुलं गेली असतील, मोजदाद नाही. तिच्या स्वतःच्या अंगाला मात्र हळद लागली ती एकसष्टाव्या वर्षी, मोडक्या पायाच्या निमित्ताने, आणि तिला त्यात काही कमी वाटलं नाही. बायकाकूंनी हळदीचं एक गाणं सुरू केलं. नवऱ्या मुलाचं नाव येतं तिथे त्यांनी सरळ यमुनेचं घातलं.

मग पंगत बसली. पिवळ्या मांडवाखाली, पिवळ्या कपड्यांत, पिवळा भात. वरण थोडं पातळ होतं आणि कोणी तसं बोलून दाखवलं नाही. रीटाने आमरस दोनदा घेतला. यमुनाबायने काठी बाजूला ठेवून एकेका पानाशी जाऊन सांगितलं, सेबेस्टियनला, आग्नेसला, मास्तरांना, संकेतला, की तुमच्यामुळे माझी वाडी उभी हाय. मास्तर संकोचून म्हणाले, "यमुनाताई, पहिल्या दिवशीची पानं तेवढी माफ करा." तिने तीही केली, हे मास्तरांना खरं वाटेना.

जाताना जुलियाना पायरीवर चपला चढवत होती. न बघताच तिने विचारलं, "शिडी कुठं ठेवलीयस?"

"मागच्या पडवीत. का?"

"उद्या रविवार."

"अगो, आता नको. मी करीन हळूहळू."

"वर चढायचं नाय तू. खाली बसून पुड्या बांध," जुलियाना म्हणाली. "दोघी असलो तर लवकर उरकेल. मग मला पहिली मिस्सा मिळेल."

दुसऱ्या दिवशी यमुनाबाय नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच उठली. डोक्याला बॅटरी बांधली, हातात कोयता घेतला, काठी टेकत कुंपणापाशी गेली आणि फाटकावरची जास्वंद छाटायला लागली. पलीकडून कोणीतरी फाटक ढकलत होतं.